खळ्यावरील अर्पण

रविवारची उपासना आटोपून मंडळी अंगणात रेंगाळू लागली, की देवळाच्या मागच्या अंगाच्या लहानशा खोलीत आम्ही दोघे-तिघे पंच एका जुनाट टेबलाभोवती बसत असू, मखमली थैल्या उलट्या करीत असू, आणि मग घटकाभर नाण्यांचा जो खणखणाट व नोटा उलगडण्याची जी चुळबुळ चाले, तिच्यात माझ्या आयुष्यातील तीस वर्षांचे रविवार गेले. पुण्याच्या पूर्व भागातील, नाना पेठ आणि रास्ता पेठ यांच्या आसपासच्या एका मराठी मंडळीचा मी खजिनदार होतो. हे पद मानाचे नाही आणि धनाचे तर मुळीच नाही. ज्याचे अक्षर बरे, ज्याला रोजकीर्द-खतावणीचा कंटाळा नाही आणि ज्याच्यावर कोणी उघड संशय घेत नाही, अशा मनुष्याच्या गळ्यात ते पडते व मग सुटता सुटत नाही.

कोणी किती टाकले याचा विचार खजिनदाराने करू नये असा संकेत आहे, आणि तो मी यथाशक्ति पाळला. परंतु हातांना जे कळायचे ते कळतच राहते. आठ घड्या घातलेली नोट लहान असते किंवा फार मोठी असते, मधली कधी नसते. जी नोट भाजीवाली नाकारते, पोस्टाचा कारकून उजेडाकडे धरून परत करतो, ती फाटकी, डिंकाने सांधलेली नोट देवाच्या थैलीत मात्र हमखास चालते, कारण थैली तोंड उघडून काही बोलत नाही. आमच्या देवळातील पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्यांची व त्यांच्या दिवंगत वाडवडिलांची नावे तांबड्या रंगात लिहिलेली आहेत. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये या आज्ञेशी त्यांचा मेळ कसा बसतो, असा प्रश्न एका तरुणाने पंचकमिटीत विचारला, तेव्हा पंखा चालू असताना नाव वाचता येत नाही, असे उत्तर आमच्या एका वृद्ध पंचांनी दिले व तो विषय तेथेच संपला. मला ते उत्तर पुढे अनेक वर्षे आठवत राहिले, कारण विनोदाच्या आडून त्यांनी एक तडजोडच सांगितली होती, आणि मंडळीचा अर्धा संसार अशाच तडजोडींवर चालतो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात हे न्याहाळीत असल्याचा प्रसंग आहे. आम्ही थैली बंद झाल्यावर मोजतो. तो थैलीत हात जात असताना पाहत होता, आणि हा फरक ज्याने एकदा ध्यानात घेतला त्याला मोजदाद पूर्वीइतकी निर्वेध करता येत नाही. धनवानांनी पुष्कळ टाकले, आणि एका दरिद्री विधवेने दोन टोल्या, म्हणजे एक दमडी टाकली. मराठी भाषांतरकारांनी परक्या देशाच्या क्षुद्र नाण्याला आपल्या बाजारातील दमडीचे नाव दिले, हे त्यांनी फार चांगले केले, कारण दमडी या शब्दात किंमत आणि तुच्छता या दोन्ही गोष्टी मराठी कानाला एकदम ऐकू येतात. बाकीच्यांनी आपल्या विपुलतेतून टाकले, तिने आपली सारी उपजीविका टाकली, असा येशूचा निवाडा आहे. त्याने दानाचे माप पेटीत पडलेल्या रकमेवरून काढले नाही, देणाऱ्याच्या घरी जे मागे उरले त्यावरून काढले.

देवळाच्या छपराची वर्गणी गोळा करावयाची असली, की या विधवेवर प्रवचन ठरलेले. परंतु तिच्या अगोदरच्या आणि नंतरच्या ओळी त्या रविवारी सहसा वाचल्या जात नाहीत. अगोदर, विधवांची घरे गिळंकृत करून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आहे. आणि नंतर, त्या भव्य मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही हे भाकीत आहे. म्हणजे ती बाई ज्या संस्थेला आपले सर्वस्व देत होती ती संस्था तिला गिळणारी होती आणि लवकरच कोसळणारीही होती. ज्या पेटीत तिची दमडी पडली ती पेटी त्या दमडीला पात्र होती, असे येशू कोठेही म्हणत नाही. या प्रसंगात विधवेची स्तुती जितकी आहे, तितकीच खजिनदारावरील फिर्यादही आहे, असे माझे मत पुढे पुढे दृढ होत गेले. आणि आमच्या ताळेबंदाचा कागद वर्षातून एकदा व्यासपीठावरून वाचला जावा असा हट्ट मी धरला, त्याचे मूळ त्यातच होते.

ख्रिस्ती दानाचा विचार पुण्यात बसून करावयाचा म्हणजे या शहराच्या दानविषयक स्मृतीकडे डोळेझाक करता येत नाही. सेनापती खंडेराव दाभाड्यांपासून चालत आलेली श्रावणमासातील दक्षिणेची प्रथा पेशव्यांनी आपल्याकडे घेतली, आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या ब्राह्मणांची जी दाटी होई, तिच्या कथा या शहरात अद्यापि सांगितल्या जातात. हे दान खैरात म्हणून हिणवण्याजोगे नव्हते. विद्येचा योगक्षेम राज्याने चालवावा ही कल्पना त्यात होती. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्या दक्षिणेतूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तरीही रमण्यातील दानाचा एक विशेष असा, की देणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असे आणि घेणारा खालच्या. द्रव्य जसे वरून खाली वाहे, तसे पुण्य व कीर्ती खालून वर जात, आणि हा व्यवहार दोघांनाही मान्य असे.

या शहरातील ख्रिस्ती उपासनेचा आरंभही एका दानानेच झाला आणि गंमत अशी, की तो दाता ख्रिस्ती नव्हता. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील पोर्तुगीज व गोमंतकी कॅथलिकांसाठी, आज ज्या भागाला आपण क्वार्टर गेट म्हणतो तेथे, देवळास जागा दिली, आणि त्या वर्षीच्या नाताळात तेथे मिस्सा झाला. पुढे प्रॉटेस्टंट मिशने आली, शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, गुरुवार पेठेत पंचहौदाचे देवालय उभे राहिले. आणि या साऱ्यांचा पैसा स्कॉटलंड, इंग्लंड, अमेरिका अशा समुद्रापलीकडच्या मुलुखांतून येत होता. तेथील कोणी शिंपीण, कोणी शेतकरी, कोणी शाळामास्तर यांनी आपापल्या दमड्या बाजूला काढल्या होत्या. पण त्या येथे पोहोचेपर्यंत त्यांचे साहेबाच्या हातातील पगारपत्रक झालेले असे. अशा रीतीने मराठी मंडळीने ख्रिस्ती दानाचे दर्शन प्रथम घेतले ते घेणाऱ्याच्या बाजूने, खालच्या पायरीवरून; आणि तिच्यावर पोटासाठी बाटल्याचा जो आरोप चार पिढ्या झाला, त्यातील क्रूरता मान्य करूनही असे म्हटले पाहिजे, की तो आरोप जिव्हारी लागण्याचे कारण आमच्या स्वतःच्या जमाखर्चातच होते.

हा सल ज्यांना सर्वांत आधी बोचला त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावे लागते. १८८७ साली बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षे साहाय्य करण्याचे त्याने वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदा सदन निघाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ साली धर्मप्रसाराच्या संशयावरून वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. दहा वर्षांच्या वचनाची मुदत भरत आली तेव्हा केडगावची जमीन, तीवरची विहीर व फळझाडे, आणि १८९६-९७ च्या दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली, एवढे बाईंजवळ होते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र त्यांनी वाचले होते. कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथ पोसणाऱ्या त्या मनुष्याचा मार्ग त्यांनी आपला मानला. येथे एक कबुली दिली पाहिजे, की म्युलर दरवर्षी हिशेब छापीत असे आणि बाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचेही इंग्रजी वार्तापत्र निघत असे. गरज कोणास न सांगणे आणि गरजेचे वर्णन छापणे यांतील सीमारेषा भाविकांना वाटते तितकी ठळक नाही. पण मला बाईंचे मोठेपण निराळ्याच ठिकाणी दिसते. दुष्काळात भाकरीसाठी आणलेल्या मुलींना त्यांनी केवळ भाकरी दिली नाही. माग, तेलाची घाणी, शेत, छापखाना असे उद्योग त्यांच्या हाती दिले, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बाईंनी केलेले बायबलचे जे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पुरे छापून निघाले, त्याच्या छपाईत या घेणाऱ्यांचेच हात राबले होते. घेणाऱ्या हातांना देणारे हात करणे हे दानाचे जे अवघड कर्म आहे, ते केडगावात घडले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मार्ग याहून एकांडा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची वीसहून अधिक वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने अहमदनगरास राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे, की पैसा टिळकांच्या हाती येई तो जाण्यासाठीच येई, आणि घरात उद्या काय शिजवावयाचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या पदरात टाकून हे गृहस्थ कोणाच्या तरी अडचणीच्या मदतीस निघून जात. अशा औदार्याचे गोडवे गाणे सोपे असते. त्याचा खर्च ज्या बाईने सोसला तिने तो प्रसंग हसत हसत लिहिला म्हणून तो कमी होत नाही, आणि माझ्या मते त्या घरातील दानाच्या खात्यावर निम्म्याहून अधिक जमा लक्ष्मीबाईंच्या नावे आहे. पण १९१७ साली टिळकांनी जे केले त्याला जोड नाही. त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सारे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत. त्यांचे वय तेव्हा छप्पन्नच्या घरात होते, प्रकृती खालावलेली होती, आणि १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. म्हणजे दरबार जेमतेम दीड-दोन वर्षे चालला, आणि व्यवहारी मनुष्य त्याला फसलेला प्रयोग म्हणेल. मला मात्र असे वाटते, की परदेशी चाकरीचे बंधन तोडून येशूच्या नावाने उभा राहिलेला मनुष्य आपल्या भूमीत कसा दिसतो हे महाराष्ट्राने पाहावे, म्हणून त्यांनी आपला पगारच अर्पण केला. थैलीत टाकण्याजोगे त्यांच्याजवळ दुसरे काही उरलेच नव्हते. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापला आणि पुढे पुण्यात शिवाजीनगरास आश्रम वसवला. साहेबी पगार सोडून हिंदी पद्धतीने साधेपणाने, एकत्र राहावे हा त्यामागील हेतू ज्यांनी टिळकांचा शेवटचा काळ ऐकला होता त्यांना नवा वाटला नसेल.

टिळक आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो असे म्हणत, आणि दानाच्या प्रकरणात तर हा पूल अक्षरशः उपयोगी पडतो. इंद्रायणीच्या काठी तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते नदीत बुडविली, भावाच्या वाट्याची त्याला वेगळी काढून दिली, अशी कथा पुणे जिल्ह्यातील मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. आता प्रभूच्या प्रार्थनेचे मराठी रूप पाहावे. मत्तयाच्या ग्रीक मुळाला धरून तेथे ‘ऋण’ हाच शब्द आहे, आणि आमच्या ऋण्यांना आम्ही जसे सोडले तसे आम्हांसही सोड, असे मागणे दर रविवारी आमची मंडळी मोठ्याने मागते, त्यांत सावकारी करणारे एक-दोघेही असतात. आपल्या परंपरेत मनुष्य देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊनच जन्मतो आणि ते फेडण्यात त्याचे आयुष्य सार्थकी लागते. ही कल्पना उदात्त आहे, व कृतघ्नतेपासून तिने समाजाला पुष्कळ वाचवले आहे. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे मात्र असे आहे, की ते खत सावकारानेच फाडले, हप्ता कोणाकडे भरावयाचा ती पेढीच उरली नाही. मग मनुष्य देतो कशासाठी? माझ्या सगळ्या मोजदादीच्या शेवटी मला सापडलेले उत्तर एवढेच आहे, की ज्याच्यावरचे कर्ज सुटले तो मनुष्य घरी परतताना वाटेत भेटेल त्याला काही तरी देत सुटतो, आणि त्या देण्याला फेड म्हणता येत नाही. जक्कय जकातदाराची गोष्ट अशीच आहे: येशूने त्याच्याकडे उतरण्याची इच्छा दाखविली, पैशाची गोष्टही काढली नाही, आणि त्या मनुष्याने आपण होऊन निम्मी मालमत्ता गरिबांस व लुबाडलेल्यांस चौपट परतफेड जाहीर केली. जप्ती नाही, तगादा नाही. आणि वसूल मात्र असा, की कोणत्याही कचेरीने कधी पाहिला नसेल.

माझी आई अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यातली, महाराच्या घरातली. तिच्या आजोबांच्या पिढीपर्यंत खळ्यावर जाणे म्हणजे काय होते हे तिने मला सांगितलेले आहे: मळणी उरकली, वाऱ्यावर धान्य उफणून रास पडली, की गावचे बलुतेदार आपापल्या हक्काचे बलुते घेण्यास येत, महाराने राशीपासून दूर, सावली पडणार नाही अशा बेताने घोंगडी पसरून बसावयाचे आणि पाटलाच्या मर्जीप्रमाणे पाटीत पडेल ते कपाळाला लावावयाचे. हक्काची वस्तू भिकेसारखी घेण्याचा तो विधी होता, आणि पुढे बाबासाहेबांनी महार वतनावर जो घाव घातला त्याचे मर्म ज्याच्या वाडवडिलांनी अशी घोंगडी पसरली त्याला निराळे सांगावे लागत नाही. त्याच माणसांनी ख्रिस्ती झाल्यावर पहिल्या वर्षीच्या सुगीला आपल्या वाट्याची जोंधळ्याची पाटी डोक्यावर घेऊन प्रार्थनेच्या छपराखाली आणून ठेवली, तेव्हा काय घडले असेल? मिशनच्या अहवालात त्याची किंमत फार तर काही आण्यांत लिहिली गेली असेल. पण जन्मभर ज्याने खळ्यावर घेतले तो प्रथमच देणारा म्हणून उभा राहिला. आणि देणारा होण्यासाठी त्याला कोणाच्या डोक्यावर पाय द्यावा लागला नाही.

दाविदाच्या इतिहासात एक खळे आहे. अरवना यबूशी आपले खळे, बैल, मळणीची आउते, सर्व काही राजाला होमासाठी फुकट देऊ करतो, आणि दावीद ते नाकारून पन्नास शेकेल रुपे मोजतो. ज्याला मोल पडले नाही असे अर्पण मी आपल्या देवाला करणार नाही, हे त्याचे कारण. पुढे शलमोनाचे मंदिर त्याच खळ्यावर उठले. बलुत्याचे खळे आणि हे खळे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की स्वावलंबी मंडळीचा जो प्रश्न मिशनऱ्यांच्या परिषदांत शंभर वर्षे चघळला गेला, तो मूळचा अंदाजपत्रकाचा प्रश्न नव्हता हे ध्यानात येते. १९०५ च्या नाताळात सेरामपूर येथे राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापन झाली, ती माणसे, पैसा आणि कारभार हे तिन्ही हिंदी असावेत या निर्धाराने; तिच्या संस्थापकांतील एक, पुढे डोर्नकलचे बिशप झालेले अझरायाह, यांनी तर ख्रिस्ती दान या एकाच विषयावर पुस्तक लिहिले. त्यांच्या मंडळ्यांतील माणसे बहुतेक शेतमजूर होती, हे येथे सांगितले म्हणजे पुरे.

शहरात खळे उरले नाही, तरी आमच्या मंडळीत हंगामाचा सण दरवर्षी होतो, आणि तो पाहण्याजोगा असतो. वेदीपुढे भोपळे, केळीचे घड, उसाची मोळी, पायांना सुतळी बांधलेली कोंबडी, कोणा बाईने विणलेला टेबलावरचा रुमाल, असा बाजार मांडला जातो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पुकारणारा बहुधा वात्रट असतो. एका वर्षी एक अंडे पाच वेळा विकले गेले, कारण जो घेई तो पैसे मोजून अंडे परत ठेवी. सहाव्या खेपेस एका लहान मुलाने चार आण्यांत ते घेतले आणि परत देण्यास साफ नकार दिला, तेव्हा सगळे देऊळ हसले. पौलाने करिंथकरांस लिहिताना देव ज्याच्यावर प्रीती करतो त्या दात्याला जे विशेषण लावले आहे ते मुळात ‘हिलारॉस’ असे आहे. संतोष, प्रसन्नता, आणि त्याहून थोडे अधिक मोकळे असे काही तरी त्यात आहे. त्या शब्दाचा अर्थ कोशापेक्षा मला त्या लिलावात अधिक नीट कळला. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर असा नियम आहे, की दशांश नेमलेल्या ठिकाणी नेऊन देवासमोर कुटुंबासह खावा, लांबच्याने तो विकून पैसे न्यावेत व तेथे मनास येईल ते घ्यावे, मात्र लेव्याला विसरू नये. आणि दर तिसऱ्या वर्षी तो परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी वेशीच्या आत ठेवावा. दशांशावरील प्रवचनात हे जेवण कधी वाढलेले मी ऐकले नाही.

दशांशाविषयी माझे मन द्विधा आहे. सवय म्हणून तो उत्तम. पगाराच्या दिवशी प्रथम देवाचा भाग बाजूला ठेवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्या घरांत पैशाचा दरारा कमी असतो हे खरे. परंतु मराठी मनुष्याला दहा टक्क्यांची ओळख दुसऱ्याच एका खात्यातून आहे. चौथाई वेगळी, आणि तीवर शेकडा दहा ती सरदेशमुखी. ही दोन्ही भरली, की उरलेल्या मुलुखात मराठ्यांच्या घोड्याने टाप टाकू नये असा करार असे. आमच्यातील पुष्कळ सज्जन देवाला अशीच सरदेशमुखी भरतात, आणि मग उरलेले नऊ भाग कसे मिळविले, त्यांत मोलकरणीचा पगार किती बुडविला, घरभाडे किती उकळले, या मुलुखात त्याला प्रवेश देत नाहीत. पगार हाती येतो त्यावर दशांश काढावा की फंडाची कपात होण्यापूर्वीच्या आकड्यावर, हा वाद मी एका संध्याकाळी दोन तास ऐकला आहे. पुदिना, शेप व जिरे यांचा दशांश देऊन न्याय, दया आणि विश्वास यांना विसरणाऱ्या शास्त्र्यांची आठवण मी तेथे काढली नाही, कारण वाद घालणाऱ्यांपैकी एक मी होतो.

अलीकडे निराळेच पेव फुटले आहे. भाड्याच्या सभागृहांत, ध्वनिवर्धकाच्या गजरात, दहा द्या आणि शंभर घ्या, असा पुकारा चालतो. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातील, भांडारात दशांश आणून मला कसोटीस लावा, या आव्हानाला तारण धरून देवाला रोखा लिहून दिल्यासारखे बोलले जाते. मलाखीचा तो शब्द कठोर आहे आणि तो गाळून वाचावा असे मी म्हणणार नाही. पण त्याच अध्यायात मजुराची मजुरी दाबणारे आणि विधवा-अनाथांना छळणारे यांच्यावर खटला भरला आहे, आणि हे कलम सोडून फक्त व्याजाचे कलम वाचणारा मनुष्य दस्तऐवज वाचीत नसून सौदा शोधीत असतो. अशा सभेत आपल्या सोन्याच्या बांगड्या देऊन आलेली एक बाई माझ्या ओळखीची आहे. तिचा मुलगा बरा झाला नाही. तिने पुढे मला विचारले, की माझा विश्वास कमी पडला की बांगड्या कमी पडल्या. आणि हा प्रश्न तिच्या तोंडी ज्यांनी घातला त्यांचा मला जितका राग आला, तितका फाटक्या नोटा टाकणाऱ्यांचा कधी आला नाही.

पौलाने यरुशलेमातील गरिबांसाठी जी वर्गणी गोळा केली तिच्याशी याची तुलना करून पाहावी. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः दारिद्र्यात असून त्यांनी देण्याची परवानगी मागितली. त्या वर्गणीला पौल ‘कोयनोनिया’ म्हणतो, जो शब्द तो सहभागितेसाठी, प्रभुभोजनातील एकत्वासाठी वापरतो. पैसा हातोहात नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली, हे दुसऱ्या करिंथकरांच्या आठव्या अध्यायात आहे, आणि जगातील यच्चयावत खजिनदारांनी तो अध्याय टेबलाच्या खणात ठेवावा. लेकींनी आईला पोसण्यासाठी पाठविलेला तो पैसा होता. शेदोनशे वर्षे ज्या मराठी मंडळ्यांना पैसा फक्त आईकडून लेकीकडे येतो एवढेच ठाऊक होते, त्यांना हा उलटा प्रवाह समजण्यास वेळ लागला, हे क्षम्य आहे.

आमच्या घरी चुलीमागे पत्र्याचा एक डबा असे. आई भातासाठी तांदूळ मोजून घेई, आणि धुण्यापूर्वी त्यांतील एक मूठ काढून त्या डब्यात टाकी. आम्ही पाच भावंडे जेवणारी, त्यामुळे ती मूठ कोणाच्या तरी ताटातून जात होती, आणि ते ताट बहुधा तिचेच असावे असे मला फार उशिरा सुचले. शनिवारी रात्री डबा पिशवीत रिता होई व रविवारी ती पिशवी देवळात जाई. कोणी विचारले तर ती एवढेच म्हणे, की खळ्यावर आता कोण जातंय, म्हणून डबा.

ती गेली ती एका गुरुवारी. घर माणसांनी भरलेले, चूल थंड, आणि डब्यात सोमवार ते बुधवार अशा तीन दिवसांच्या मुठी. शनिवारी रात्री धाकट्या बहिणीने तो रिकामा केला व पिशवी न बोलता माझ्याजवळ दिली. शेर-अदशेर तेव्हा अजून चालत होते आणि खजिनदारीही माझ्याकडे नवीनच आली होती. थैल्या मोजून झाल्यावर मी पिशवी तराजूत घातली, आणि वस्तुरूप अर्पणाच्या वहीत लिहिले: तांदूळ, पाव शेराहून थोडे अधिक; नाव नाही.